रस्ता जिथे संपतो: सह्याद्रीत बिनगर्दीचे सायकलमार्ग शोधण्याची पद्धत

वाईहून निघून मेणवली, धोम, मग बलकवडीचं धरण मागे टाकत कृष्णेच्या काठाकाठाने वर गेलं की शेवटी जोर नावाचं गाव लागतं. तिथे डांबर संपतं. समोर महाबळेश्वरचा कडा भिंतीसारखा उभा आणि वर जायला फक्त पायवाटा. मी पहिल्यांदा तिथे पोचलो ते हिवाळ्यातल्या एका बुधवारी. वाटेत भेटली ती एक एसटी, दुधाचा एक टेम्पो आणि चार-पाच मोटरसायकली. काही किलोमीटरवर, खोऱ्याच्या दुसऱ्या अंगाला पसरणी घाटातून पाचगणीकडे गाड्या एकामागोमाग एक चढत होत्या. दोन्ही रस्ते एकाच वाईतून निघतात.

त्या दिवसापासून माझी खात्री झाली की सह्याद्रीतला रिकामा रस्ता घरी बसून नकाशावर ओळखता येतो. खूण एकच: तो पुढे कुठे जात नाही. आपल्याकडे फक्त सायकलींसाठी राखलेले घाट नाहीत, त्यामुळे रिकामेपण आपणच निवडायचं असतं, रस्ता पाहून, वार पाहून, वेळ पाहून. ही निवड कशी करायची आणि मग तो रस्ता नीट कसा चालवायचा, हे इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं मुख्यतः भोर, वेल्हे, वाई आणि भंडारदऱ्याची आहेत, कारण तिथले रस्ते माझ्या पायाखालचे आहेत.

पहिली पायरी: नकाशावर तीन जातींचे रस्ते ओळखा

घाटमाथ्याचा नकाशा उघडा आणि आधी रस्ते पाहू नका, नद्या पाहा. मोसे, आंबी, कानंदी, वेळवंडी, नीरा, कृष्णा. सगळ्या कड्याजवळ उगवतात आणि पूर्वेकडे वाहतात. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एक सोंड पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत आलेली. शिवकाळातली मावळं ही अशीच एकेक खोरी: कानद मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिडखोरं. आजचे रस्ते याच रचनेवर बसलेत आणि त्यांच्या तीन जाती पडतात.

पहिली जात खोऱ्यातल्या रस्त्याची. तो नदीच्या किंवा धरणाच्या पाण्याच्या कडेने वर जातो आणि कड्यापाशी थांबतो. चढउतार असतात, पण सौम्य. त्यावर फक्त त्या खोऱ्यातल्या गावांची वाहतूक. मालवाहू ट्रकला तिथे जायचं कारणच नाही. सायकलसाठी हे सोनं आहे.

दुसरी जात खिंडीच्या रस्त्याची. एका खोऱ्यातून सोंड ओलांडून शेजारच्या खोऱ्यात उतरणारा. पाबे घाट असा आहे, भोर आणि वाईच्या मधला मांढरदेवीचा घाट असा आहे. हे आखूड आणि तीव्र असतात. जड गाड्या लांबून वळसा घालून सपाट रस्त्याने जाणं पसंत करतात, म्हणून इथे शांतता मिळते. घाम मात्र काढतात.

तिसरी जात कोकणात उतरणाऱ्या घाटांची. देश आणि कोकण यांच्यामध्ये गाडी जाऊ शकेल अशा वाटा मोजक्या, म्हणून सगळा माल तिथूनच वाहतो. कसारा, कुंभार्ली, आंबा हे घाट सायकलस्वाराने सुट्टीच्या आनंदासाठी निवडू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ताम्हिणी आणि माळशेज पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पूर्ण टाळा. या जातीतही अपवाद आहेत. मलकापूरकडून राजापूर तालुक्यात पाचलकडे उतरणारा अणुस्कुरा घाट त्यातला एक; कोल्हापूरकरांनी आठवड्यातल्या मधल्या वारी तो जरूर चालवावा.

रस्त्याचा दर्जाही बरंच सांगतो. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. नारिंगी म्हणजे ग्राम सडक योजनेतला रस्ता, तो आपला. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पाट्यांवर ‘प्रजिमा’ म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, ‘इजिमा’ म्हणजे इतर जिल्हा मार्ग, ‘ग्रामा’ म्हणजे ग्राम मार्ग. जितकं खाली उतराल तितकी गर्दी कमी आणि खड्डे मिळण्याची शक्यता जास्त. मी ‘इजिमा’वर खूश असतो.

यानंतर उपग्रहचित्र उघडून दोन गोष्टी बघा. रस्त्यालगत दगडखाण किंवा खडी क्रशर दिसतोय का? दिसला तर तो मार्ग रद्द करा, कारण डंपर दिवसभर आणि वेगाने धावतात. आणि खोऱ्याच्या टोकाला निळे ठिपके दिसतात का? ते पोहण्याचे तलाव, म्हणजे रिसॉर्ट. अशा खोऱ्यात शनिवारी दुपारपासून रविवारी रात्रीपर्यंत शहरातल्या गाड्या येत राहतात. पवना धरणाच्या भोवती हे फार झालंय. स्ट्राव्हा या सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपच्या हीटमॅपवर (जास्त वापराचे रस्ते ठळक दाखवणारा नकाशा) त्या रस्त्यावरून सायकली जातात की नाही तेही दिसतं. पुसट रेघ दिसली तरी रस्ता सायकलजोगा आहे इतकं कळतं.

दुसरी पायरी: वार, वेळ आणि महिना

रस्ता बरोबर निवडला आणि वेळ चुकली तर सगळं वाया. खडकवासल्याचा रस्ता रविवारी पहाटे साडेपाचला सायकलवाल्यांचा असतो, दहा वाजता तिथे पाय ठेवायला जागा नसते. माझा नियम साधा आहे: शहराला लागून असलेला पट्टा उजाडायच्या आत पार करायचा आणि परत येताना दुपारी चारच्या आत किंवा थेट दुसऱ्या दिवशी यायचं. जमत असेल तर मंगळवार ते गुरुवार रजा काढा. एका रजेच्या बदल्यात मिळणारी शांतता चार रविवारांत मिळणार नाही.

खोऱ्यातल्या रस्त्यांना स्वतःचं वेळापत्रक असतं. मुक्कामी एसटी रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते. अरुंद रस्त्यावर ती समोरून आली की आपल्याला कडेला उतरावं लागतं, म्हणून तालुक्याच्या स्टँडवर चौकशी खिडकीत तिच्या वेळा विचारून घ्या. सकाळी दुधाचे टेम्पो, साडेनऊ-दहाला शाळेच्या जीपगाड्या आणि वडाप, मग दुपारपर्यंत जवळजवळ काही नाही. आठवडी बाजाराचा वारही विचारा. त्या दिवशी सकाळी गाड्या तालुक्याकडे आणि दुपारी गावाकडे भरून जातात.

महिन्यांचं बोलायचं तर मला नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा शेवट सर्वांत आवडतो. भातकापणी उरकलेली, हवा कोरडी, पाण्याने भरलेली धरणं. त्याच काळात भोर-वाई पट्ट्यात उसाचा गळीत हंगाम चालू असतो. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यांवर रात्रंदिवस असतात आणि ट्रॉलीतून सांडलेल्या पाचटावरून चाक घसरतं. खोऱ्याच्या वरच्या भागात भात पिकतं, ऊस नाही, त्यामुळे पहिले दहा-पंधरा किलोमीटर सोसले की हा त्रास संपतो. मार्च-एप्रिलमध्ये राब भाजतात (भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात), धूर असतो, आणि दहानंतर डांबर तापतं. त्यातच जत्रा आणि लग्नसराई, म्हणजे टेम्पो आणि वरातीतल्या गाड्या.

पावसाळ्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यांना पावसातच घाट दिसायला हवा असतो. जून अखेर ते ऑगस्ट हे महिने घाटमाथ्याच्या सायकलीसाठी चांगले नाहीत. डांबरावर शेवाळ धरतं, धुक्यात वीस फुटांपलीकडे दिसत नाही, आणि दरड कोसळते. २२ आणि २३ जुलै २०२१ या दोन दिवसांच्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला आणि खाली महाड-पोलादपूर भागात दरडींनी माणसं गेली. भोर-महाड रस्त्यावरचा वरंध घाट पावसाळ्यात प्रशासन वाहतुकीला बंद करतं. बंद घाट म्हणजे गाड्या नाहीत, मग सायकलला काय हरकत, असा विचार मी तरुण सायकलस्वारांकडून अनेकदा ऐकलाय. हरकत आहे. तो रस्ता बंद आहे कारण डोंगर सुटतोय, आणि सुटणारा दगड खाली कोण आहे ते बघत नाही. सप्टेंबर संपेपर्यंत धीर धरा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तेच हिरवेपण, तेच धबधबे थोड्या बारीक धारेने, आणि कोरडा रस्ता मिळतो.

तिसरी पायरी: चढाचा हिशेब कागदावर मांडा

किलोमीटर बघून मार्ग ठरवणारा माणूस घाटात फसतो. मीटर बघा. सुरुवातीची उंची आणि माथ्याची उंची यांतला फरक भागिले अंतर, गुणिले शंभर, म्हणजे चढाचा सरासरी टक्का. वाई साधारण ७२५ मीटरवर आहे, पाचगणी १,३०० च्या आसपास, आणि पसरणी घाट साधारण साडेबारा किलोमीटरचा. म्हणजे सरासरी साडेचार टक्के. लांब पण शहाणा चढ. सिंहगडाला गोळेवाडीच्या नाक्यापासून वर जाताना आठ-साडेआठ किलोमीटरांत सरासरी सात टक्क्यांच्या आसपास चढ लागतो. हा पुणेकरांचा परीक्षेचा पेपर. आठवड्यातल्या वारी पहाटे सिंहगड न थांबता, श्वास न तुटता चढता येत असेल तर या लेखातला एकही रस्ता तुम्हाला जड जाणार नाही.

सरासरी फसवते हेही लक्षात ठेवा. खिंडीच्या रस्त्यांवर सहा टक्क्यांच्या सरासरीत बारा-चौदा टक्क्यांचे तुकडे लपलेले असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरला असतात. रस्ता जिथे या रेषा पाठोपाठ कापत जातो तिथे पेन्सिलने खूण करा. ॲपमधली चढाची आकृती सोयीची, पण दाट झाडीत आणि कड्याच्या कडेला ती चुकते.

वेळेचा माझा अंदाज असा. सपाटीला ताशी १८ किलोमीटर धरायचे. त्यात दर १०० मीटर चढाला १० मिनिटं मिळवायची. ५० किलोमीटर आणि १,००० मीटर चढ असेल तर पावणेतीन तास अधिक शंभर मिनिटं, म्हणजे साडेचार तास, वर थांबे. नवखे असाल तर १०० मीटरला १५ मिनिटं धरा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खोऱ्यात डोंगराची सावली त्याच्या तासभर आधी पडते, म्हणून परतीची वेळ या हिशेबाने पक्की करा आणि माथा गाठला नसला तरी त्या वेळेला वळा.

चौथी पायरी: सायकल घाटाजोगी करा

इथे पैसे खर्च करायचे असतील तर दोनच गोष्टींवर करा, गिअर आणि टायर.

पुढची सर्वांत लहान चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी ३४ दातांची असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं, सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग होतो ताशी साडेसात किलोमीटर. याच फेऱ्यांना मागे २५ दातांची चकती असेल तर ताशी दहाच्या वर वेग राखावा लागतो, आणि दहा टक्क्यांच्या चढावर तो राखणं बहुतेकांना शक्य नसतं. मग फेरे मंदावतात, सगळा जोर गुडघ्यावर येतो. रोड बाईकसोबत बऱ्याचदा मागे २५ किंवा २८ दातांचीच मोठी चकती मिळते. दुकानात जाऊन तुमच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) जास्तीत जास्त किती दातांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) चालते ते विचारा आणि ती बसवा. यात कमीपणा काही नाही.

टायर २८ मिलिमीटर किमान, फ्रेममध्ये मावत असतील तर ३२. गावरस्त्यावर डांबर मधेच उखडतं, मोरी वाहून गेलेल्या जागी मुरूम टाकलेला असतो. ब्रेक पॅड निघायच्या आधी तपासा, घाटात नव्हे. सोबत दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, पॅच, चेन तोडायचं हत्यार आणि चेनची जोडकडी. मागे लाल दिवा दिवसाही चालू. पुढे चांगला दिवा, कारण पहाटे निघणार आहात. हेल्मेट घालूनच.

पाचवी पायरी: एक मार्ग निवडा आणि निघा

*पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: खानापूर, पाबे घाट, वेल्हे.* पुण्याहून सिंहगड रस्त्याने खडकवासला, डोणजे करत खानापूर. तिथून पानशेतचा रस्ता सोडून रांजण्याकडे वळलं की गर्दी सुटते. घाट छोटा, पण काही वळणं अशी की सीटवरून उठावंच लागतं. खिंडीत थांबा. मागे सिंहगड, पुढे तोरणा आणि राजगड. तिन्ही गड एका जागेवरून, आणि आपण आलो तोच रस्ता दोरीसारखा खाली पडलेला. उतरून पाबे, मग तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याचं ठिकाण. वेल्ह्यात मिसळ, चहा मिळतो. परत त्याच वाटेने या. नकाशा तुम्हाला नसरापूर, चेलाडी करत महामार्गावरून गोल फेरी सुचवेल. चेलाडीपासून कात्रजपर्यंतचा तो महामार्ग सकाळभर कमावलेली शांतता अर्ध्या तासात घालवतो. पाबे घाट उलट्या बाजूने चढणं हे त्याहून किती तरी चांगलं.

*वेल्ह्यात मुक्काम केला तर: केळद आणि मढे घाट.* वेल्ह्यापासून केळद पंधरा ते वीस किलोमीटर. झाडीतला, सतत वरखाली करणारा रस्ता. शेवटी कडा आणि खाली महाडकडचं कोकण. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने उमरठ्याला नेला असं परंपरा सांगते. घाट म्हणजे इथे पायवाट, गाड्यांना खाली उतरता येत नाही, त्यामुळे ट्रक नाहीत. जुलै-ऑगस्टच्या रविवारी धबधब्यासाठी अफाट गर्दी होते. डिसेंबरात मी तिथे तासभर एकटा बसलोय. केळदच्या पुढे दुकानाचा भरवसा धरू नका.

*तीन दिवस हातात असतील तर: भोर, मांढरदेवी, वाई, जोर.* हा माझा सर्वांत लाडका मार्ग. पुणे ते भोर हा पन्नासेक किलोमीटरचा तुकडा बहुतेक महामार्गावरचा आहे, तो गाडीने किंवा टेम्पोत सायकल टाकून काढा, त्यात कमीपणा मानू नका. पहिल्या दिवशी भोरहून आंबाडे, मग घाट चढून मांढरदेवी आणि पलीकडे वाईत उतरायचं. अंतर फार नाही, पण काळूबाईचं ठिकाण सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे, तेव्हा चढ भरपूर. मंगळवार, शुक्रवार, अमावास्या आणि पौर्णिमा टाळा. देवीचे वार आहेत. पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास तर तो घाट भाविकांचाच, आपण जाऊ नये.

वाईत गणपती घाटाजवळ मुक्काम. दुसऱ्या दिवशी उजाडताच मेणवलीकडे निघा. नाना फडणविसांचा वाडा आणि खालचा नदीघाट सकाळच्या उन्हात बघण्यासारखा, पंधरा मिनिटं द्या. धोमला नृसिंहाचं देऊळ. मग धरणाचं पाणी डावीकडे घेऊन रस्ता वळत राहतो. दर वळणाला एक ओढा, दर ओढ्याला छोटा उतार आणि लगेच छोटा चढ. एकूण चढ यामुळेच साठतो. नकाशावर सपाट वाटलेला रस्ता पाय थकवतो. बलकवडीच्या धरणापुढे खोरं अरुंद होतं, हवा थंड होते, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात. जोरला पाणी भरून घ्या, गावात कुणी ओट्यावर बसलेलं असेल तर चार शब्द बोला आणि परत फिरा. परतीला धरणाकडून वारा समोर येतो, विशेषतः अकरानंतर. तिसऱ्या दिवशी भोरला मांढरदेवीवरूनच, किंवा पाय उरले नसतील तर एसटीने. एसटीच्या टपावर किंवा मागे सायकल घ्यायची की नाही हे वाहकाच्या हातात असतं. स्टँडवर आधी बोलून ठेवा.

*नाशिक, मुंबईकडून: भंडारदऱ्याची फेरी.* १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाला शेंडीहून पूर्ण वळसा घालता येतो: मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी, पुन्हा शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, कळसूबाईची रांग एका बाजूला, रतनगड दुसऱ्या बाजूला. घाटघरला कोकणकडा आहे, आणि कड्याच्या वर-खाली पाणी फिरवून वीज करणारा २५० मेगावॉटचा प्रकल्पही. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. दगडातलं इतकं नाजूक काम या रानात कसं उभं राहिलं, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. इथे काजव्यांचा हंगाम, म्हणजे मे अखेर ते जूनचा मध्य, सायकलसाठी निषिद्ध समजा. रात्रभर गाड्यांचे दिवे चालू असतात, आणि त्याचा त्रास काजव्यांनाही होतोच. हिवाळ्यात पहाटे इथे कडाक्याची थंडी असते, हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या.

साताऱ्याच्या वाचकांना यवतेश्वर घाटाने कास आणि पुढे बामणोली माहीत असेलच. फुलांच्या हंगामात सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. डिसेंबरात पठारावर फूल नसतं पण कासपासून बामणोलीपर्यंतचा उतार, खाली शिवसागराचं पाणी आणि रस्त्यावर आपलाच टायरचा आवाज. तो सगळा उतार परत चढायचा आहे, एवढं ध्यानात ठेवून ब्रेक सोडा.

एक बदल अलीकडे जाणवतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत पुणे जिल्ह्यात झाली आणि त्यानिमित्ताने अनेक रस्ते नव्याने डांबरले गेले. सायकलला फायदा झाला, पण गुळगुळीत रस्त्यावर चारचाकींचा वेगही वाढतो. जुन्या अनुभवावर विसंबून मधोमध चालवू नका.

सहावी पायरी: चढताना आणि उतरताना

चढताना पहिला किलोमीटर मुद्दाम हळू. बोलता येईल इतकाच दम लागला पाहिजे. वळणाच्या आतल्या कडेला चढ सर्वांत तीव्र असतो, मागे-पुढे गाडी नसेल तर बाहेरून घ्या. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, दर पाऊण तासाला काही खाणं: राजगिऱ्याची वडी, चिक्की, खजूर, केळं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, त्यात चिमूटभर मीठ-साखर किंवा ओआरएस. माथ्यावर पोचून मग खाऊ असं म्हणणारा माथ्याच्या आधी दोन किलोमीटर ढेपाळतो. मी ढेपाळलोय, मांढरदेवीच्या घाटात, डोळ्यांपुढे अंधारी येऊन मोरीच्या कठड्यावर बसलो होतो आणि वरून सरपण घेऊन येणाऱ्या एका मावशींनी गूळ दिला होता.

उतार हा जास्त धोक्याचा. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. दोन्ही ब्रेक सोबत, सोडून-सोडून. रिम ब्रेक सलग दाबून ठेवले तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. नजर चाकापुढे नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. वळणाच्या आतल्या बाजूला खडी साठलेली असते आणि सावलीतल्या वळणावर ऑक्टोबरपर्यंत ओल टिकते. चढणारी गाडी हेअरपिन वळणावर आपल्या बाजूला पसरते हे गृहीत धरा, डावी कड सोडू नका, आंधळ्या वळणाआधी घंटी किंवा खणखणीत आवाज द्या. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला वाट देणं हा वाहतुकीचा नियमच आहे. तुम्ही उतरताय, तुम्ही थांबा. रस्त्यावर गुरं आली तर वेग चालण्याइतका करा आणि त्यांच्या मागच्या बाजूने जा, पुढून नाही.

कुत्रं धावून आलं तर उतरा, सायकल मध्ये धरा, चालत राहा. पळणाऱ्या चाकाचाच त्याला राग असतो. घाटमाथ्यावर माकडं दिसली तर खाऊ बाहेर काढू नका.

सातवी पायरी: खोऱ्यातलं वागणं आणि संकटाची तयारी

खोऱ्याच्या टोकाला मोबाइलला रेंज नसते. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, कागदी प्रत खिशात ठेवा, आणि घरी सांगून ठेवा की अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुठल्या गावात चौकशी करायची. रेंज असेल तिथे रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. एकट्याने जात असाल तर शेवटचं रेंजचं गाव कुठलं ते लक्षात ठेवा. अपघात झाला तर तिथपर्यंत कुणाला तरी पाठवावं लागेल.

जेवण जाताना सांगून ठेवायचं. शेवटच्या दोन-तीन गावांत कुठल्याही घरी विचारा, ‘मावशी, परत येताना दोघांना पिठलं-भाकरी होईल का?’ बहुतेकदा होते, आणि नको म्हणाल्या तरी पाणी देतातच. पैसे आधी विचारा आणि जास्तीचे द्या. घट्ट कपड्यांत देवळात किंवा घरात जाण्याआधी वर साधी अर्धी विजार चढवा, ती सॅकमध्ये दोनशे ग्रॅमही भरत नाही. भात किंवा नाचणी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली दिसली तर उतरून बाजूने जा. देवराईत गाणी लावू नका. एनर्जी जेलची रिकामी पाकिटं, चिक्कीचे कागद परत खिशात.

आणि परतल्यावर एक काम लगेच करा. वहीत तारीख, वार, कुठल्या तासाला किती गाड्या भेटल्या, कुठे डांबर उखडलंय, कुठे हापशाला पाणी आहे, एसटी किती वाजता समोर आली, हे लिहून ठेवा. माझ्या वहीत धोम-जोरच्या पानावर चार वेगवेगळ्या हिवाळ्यांच्या नोंदी आहेत. पुढच्या खेपेला उजव्या बाजूच्या खोऱ्यात, कमळगडाच्या पायथ्याशी वासोळ्याकडे वळायचंय; ते पान अजून कोरं आहे.